व्यवहाराची आज्ञावली आणि तिचे सुटे भाग

(भाषणाचा मजकूर)



सहकारी सोसायटीची खतावणी, शाळेचे पगारपत्रक, दुकानाचे बिल ही कामे आता बहुतांशी संगणकावर होतात. संगणक ज्या सूचनांच्या आधारे ही कामे करतो, त्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. ती एकदा तयार झाली म्हणजे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कायदे बदलतात, दर बदलतात, आणि त्यांच्याबरोबर आज्ञावलीही बदलावी लागते.

वस्तू व सेवा कराचेच उदाहरण घ्यावे. हा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंपुरते रद्द होऊन ५ व १८ टक्के हे मुख्य दर राहिले. ज्या आज्ञावलीत कराचे दर तारखेसह एकाच स्वतंत्र भागात ठेवलेले असतात, तेथे नव्या दराची नोंद केली की काम भागते आणि जुन्या बिलांचा हिशेबही बिघडत नाही. उलट तोच आकडा बिल, साठा, परतावा अशा पन्नास ठिकाणी विखुरलेला असेल, तर एखादे ठिकाण नजरेतून सुटते आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो.

हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी, कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे आज्ञावलीचेही तयार घटक असावेत, अशी कल्पना मांडली. हे घटक कसे पाडावेत याचा निकष डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये सांगितला. जी गोष्ट पुढे बदलण्याचा संभव आहे, ती एकाच घटकाच्या आत ठेवावी. इतरांनी त्या घटकाला काय विचारायचे एवढेच ठरलेले असावे. विहिरीवरील पंपाची मोटार जळाली म्हणून कोणी शेतातील पाइप उखडत नाही, कारण जोडाचे माप ठरलेले असते.

मात्र तयार घटक घेतल्याने जबाबदारी संपत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या विनामूल्य घटकातील गंभीर दोष उघडकीस आला. घडामोडींची नोंद ठेवणारा हा घटक जगभरातील असंख्य आज्ञावलींत वापरलेला होता. सुधारित आवृत्ती निघाली. परंतु आपल्याकडे हा घटक आहे की नाही, हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते.

म्हणून आज्ञावली करून घेताना संस्थांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : घटकांची आवृत्तीसह यादी, प्रत्येक घटकाचे कार्य सांगणारे टिपण, आणि बदलानंतर हिशेब पडताळून पाहण्यासाठी नमुन्याची उदाहरणे. हे कागद कार्यालयाच्या दप्तरी असले, तर आज्ञावली तयार करणारा माणूस निघून गेला तरी दुसरा जाणकार ते काम पुढे नेऊ शकतो, आणि शिक्षकांचा पगार किंवा सभासदांचा लाभांश त्यापायी अडून राहत नाही.