बेतणे आणि शिवणे

स्वयंपाकघरात वापरावयाचा एप्रन घरच्या घरी कसा शिवावा, हा विषय कचेरीत दिवस काढणाऱ्या माणसाने भाषणासाठी निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु शिंप्याचा आणि आमचा एक शब्द समाईक आहे. कचेरीत 'नमुना' म्हणजे भरावयाचा कागद. शिंप्याकडे नमुना म्हणजे ज्याच्या कडेने कापड कापावयाचे तो कागद. आमच्या नमुन्यात माणसाला बसवावे लागते. शिंप्याचा नमुना माणसाला बसेल असा बदलता येतो. तो कसा बदलावा आणि बदलण्याचे ज्ञान कोणापाशी असते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

एप्रन हा शब्द परका असला तरी त्याचे काम आपल्या घरांत पूर्वापार चालत आले आहे. ते काम साडीचा पदर करीत असे. पदराने ओले हात पुसावयाचे, चुलीवरचे पातेले उतरवावयाचे, मुलाचे नाक स्वच्छ करावयाचे, आणि कामाला लागताना तोच कमरेला खोचावयाचा. सुती लुगडे होते तोवर हे ठीक चालले. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या, आणि तोच पदर शेगडीपाशी धोक्याचा ठरला. सूतही पेट घेते, पण ते जळून त्याची राख होते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. म्हणून अशा कपड्यावर जाड सुती आवरण घालणे ही साहेबी हौस नव्हे. पदर मागून पुढे आणून कमरेशी घट्ट खोचावा आणि त्यावर एप्रन चढवावा, हे मी घरोघर सांगत असतो. पुरुषांनीही हे ऐकण्यास हरकत नाही. आमच्या होसकोट्याला रविवारी पहाटे, उजाडण्यापूर्वी, बिर्याणीसाठी बंगळुराहून माणसे येऊन रांगा लावतात. तेथे धगधगत्या हंड्यांपाशी वावरणारे बहुतेक पुरुषच असतात.

बाजारात मिळणारा एप्रन बहुधा एक आयत असतो. वरच्या बाजूला छातीपुरता तुकडा, मानेत अडकविण्यास एक पट्टी आणि मागे बांधण्यास दोन बंद. भिंतीवर टांगलेला तो चांगला दिसतो. अंगावर मात्र त्याचा सगळा भार मानेच्या मागल्या मणक्यावर येतो, आणि जाड कापड भिजून जड झाले की तासाभरात मान अवघडते. ज्याने तो आखला त्याने अंग मोजलेच नाही. कपड्याचा भार खांद्यावर पडला पाहिजे, आणि खांद्याचा उतार, गळ्याचा गोल व मुंढ्याची वळणे ही ज्यात अगोदरच मोजून ठेवलेली असतात, असा एक कागद पुष्कळ घरांत पडून असतो. तो म्हणजे झग्याचा किंवा फ्रॉकचा कागदी नमुना. एप्रन करावयाचा तर आयतापासून आरंभ न करता झग्यापासून करावा.

हे कागदी नमुने तसे जुने नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. यंत्राने शिवण घरात आणली, परंतु नुसते यंत्र घेऊन भागत नाही. कापड कोठे आणि किती कापावे हे कळल्यावाचून यंत्र सरळ टीप मारीत बसेल, कपडा होणार नाही. गांधीजी यंत्रांविषयी साशंक असत. त्यांनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता, कारण बायकोचे कष्ट पाहून ते सुचले, असे त्यांना वाटत होते. कागदी नमुन्याविषयी ते काही बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. माझ्या मते तोही त्या अपवादाला तितकाच पात्र होता. पिढीजात कारागिराच्या बोटांत असलेली विद्या त्याने टपालाने पाठविण्याजोगी केली.

मराठीत या विद्येला फार चांगला शब्द आहे. कापड आपण नुसते कापीत नाही, बेततो. बेत म्हणजे योजना. शिंपी कात्री उचलतो त्यापूर्वीच कपडा त्याच्या मनात झालेला असतो. नामदेवांचे एक पद शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहे. त्यात गज आणि कात्री यांचीच रूपके आलेली आहेत, सुईदोरा मागाहून येतो. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या संताला हा क्रम कोणी शिकवावा लागला नसेल.

होसकोटे येथे नोकरीच्या निमित्ताने राहू लागल्यावर हा शब्द मला अकस्मात भेटला. बंगळुराच्या ईशान्येस, जुन्या मद्रास रस्त्यावर हे गाव आहे. कानडीत होस कोटे म्हणजे नवा कोट. १६३८ च्या सुमारास रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि आदिलशाहीकडून हा टापू शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आला, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्या इतिहासाच्या खुणा शोधू गेल्यास फारशा सापडत नाहीत. माणसे मात्र सापडतात. भावसार क्षत्रिय, नामदेव शिंपी अशा समाजांतील मराठी बोलणारी घराणी कर्नाटकातील गावोगावी आहेत. कापड रंगविणे आणि शिवणे हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. ती सर्व शहाजीराजांच्या मागोमाग आली, असे समजण्याचे कारण नाही. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांनी ती आली असावीत. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि घरातल्या मराठीतही कानडीचे पाणी बरेच मुरलेले, अशी त्यांची बोली आहे.

आमच्या शेजारी अशाच एका घरातील बाई राहतात. त्यांचे आजोबा शिंपी होते. त्या स्वतः तयार कपड्यांच्या एका कारखान्यात कामाला जातात. बंगळूर हे या धंद्याचे देशातील एक मोठे केंद्र आहे, आणि शिवणयंत्रांपुढे बसणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तेथे एका शर्टाची कितीतरी कामे पाडलेली असतात. एकीने कॉलर जोडावयाची, दुसरीने बाही, तिसरीने खिसा. कापड वेगळ्या खोलीत, थरावर थर रचून, यंत्राच्या सुरीने कापले जाते आणि गठ्ठे बांधून यांच्यापुढे येते. शेजारच्या बाई अकरा वर्षे बाही जोडीत आहेत. टीप मारण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. वळणावरून सुई अशी नेतात की एक टाका लहानमोठा होत नाही. माझ्या पत्नीने त्यांच्यापुढे कापड ठेवून एप्रनची गोष्ट काढली, तेव्हा त्या म्हणाल्या, "शिवायला मला येते, अक्का. बेतायला आजोबांना येत होते."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. अकरा वर्षे रोज आठ-नऊ तास कपडे शिवणाऱ्या स्त्रीला आपल्या मुलीचा परकर कापता येऊ नये, हा तिचा दोष नव्हे. कामाची वाटणीच तशी केलेली आहे. आमच्या सरकारी दप्तरातही याची एक गमतीची खूण आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या व्यवसायाचे नाव पूर्वी 'कटिंग अँड स्युइंग' असे होते, पुढे ते 'स्युइंग टेक्नॉलॉजी' झाले. अभ्यासक्रमात कापणे अजून शिकवितात, नावातून मात्र ते गेले. नाव बदलण्याच्या टिपणीवर कोणी काय लिहिले असेल याची मी कल्पना करू शकतो, पण ते असो.

आमच्याकडे पत्नीच्या एका साध्या, कमरेशी जोड असलेल्या झग्याचा नमुना होता. एका सुट्टीच्या दिवशी त्यावरून त्या दोघींनी एप्रन बेतला, तो असा.

प्रथम पावणेदोन मीटर जाड सुती कापड घेतले. मांजरपाट चालतो, खादी अधिक चांगली. पन्हा नव्वद सेंटिमीटरांचा पुरतो. ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि ते शिवल्यानंतर आटण्यापेक्षा आधी आटलेले बरे.

नमुन्यातील पुढच्या अंगाचे दोन कागद घेतले, एक कमरेच्या वरचा आणि एक खालचा. ते कमरेशी एकत्र चिकटविले. येथे एक बारकावा आहे. कागदांच्या कडा एकमेकींना भिडवावयाच्या नाहीत. दोन्ही कागदांवर शिवणीसाठी जास्तीचे कापड धरलेले असते. शिंपी त्याला माया म्हणतात, आणि त्यांच्या भाषेतील हा शब्द मला सर्वांत आवडतो. माया वगळून शिवणीच्या ज्या रेघा असतात त्या एकीवर एक ठेवावयाच्या, नाहीतर एप्रनची कंबर तीन सेंटिमीटर खाली सरकते. खालचा कागद चुण्यांच्या घेराचा असेल तर तो बाजूला ठेवावा आणि कमरेपासून खाली थोडी पसरत जाणारी सरळ रेघ ओढावी. कमरेला आणि छातीला घातलेले टक शिवावयाचे नाहीत. झगा अंगाला बसावा म्हणून ते असतात. एप्रन दुसऱ्या कपड्यांवरून घालावयाचा असल्याने तेवढा सैलपणा त्याला हवाच.

मग मूळ नमुन्याला हात न लावता दुसऱ्या कागदावर त्याची नक्कल काढली आणि तीत बदल केले. गळा अडीच सेंटिमीटर खोल केला. खांदा मुंढ्याच्या बाजूने कमी करून सहा सेंटिमीटर रुंद ठेवला. गळ्याच्या बाजूने तो कमी करू नये, पट्टी खांद्यावरून घसरते. मुंढा पाच सेंटिमीटर खाली उतरविला, म्हणजे आतली बाही दाटत नाही. कमरेपाशी आणि त्याखाली बाजूची रेघ आठ सेंटिमीटर बाहेर नेली, त्यामुळे कापड कुशीवरून मागे वळते आणि निऱ्यांच्या जाडीलाही जागा मिळते. उंची गुडघ्याच्या खाली चार बोटे.

मागचा भाग पूर्ण घ्यावयाचा नाही. मागच्या कागदावरून फक्त खांद्याचा उतार आणि गळ्याचे वळण उचलावे, आणि तेथून एक रुंद पट्टी पाठीवरून तिरकी नेऊन दुसऱ्या बाजूच्या कमरेशी जोडावी. दोन पट्ट्या पाठीवर एकमेकींना छेदतात. गाठ नाही, बंद नाही, डोक्यातून घातला की झाले. या पट्टीची लांबी कोणत्याही नमुन्यात सापडत नाही. ती खांद्यापासून पलीकडच्या कमरेपर्यंत अंगावरच मोजावी लागते. शेजारच्या बाईंनी टेप हातात घेतली ती येथे. माझ्या पत्नीच्या पाठीवर ती धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी स्वतःच सांगितले, की वाकल्यावर पाठ वाढते, तेव्हा माप वाकवून घ्यावे. हे कोणी त्यांना शिकविले नव्हते. वाकून घेतलेले माप उभ्याच्या मापाहून सुमारे चार सेंटिमीटर अधिक भरले.

कापण्यापूर्वी जुन्या चादरीचा एक एप्रन कापून, कच्च्या धावदोऱ्याने टाचून पाहिला. कापड फुकट जाईल या भीतीनेच पुष्कळजण कात्री उचलीत नाहीत. जुन्या चादरीपुढे ही भीती राहत नाही. मग खऱ्या कापडाची उभ्या सुतात घडी घातली, नमुन्याची मधली सरळ कड घडीवर ठेवली, आणि बाईंनी कात्री चालविली. पहिली कातर फार हळू गेली. मुंढ्याच्या वळणावर त्या थांबल्या नाहीत.

शिवण्याविषयी मला सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण तेथे त्यांना कोणाची गरज नव्हती. वळणाच्या कडा तिरप्या सुतात येतात आणि हाताळताना ताणल्या जातात. म्हणून कापल्याबरोबर त्यांच्यालगत एक साधी टीप मारून ठेवावी. गळ्याला आणि मुंढ्याला साडेतीन सेंटिमीटर रुंदीची तिरपी पट्टी लावावी. ती वळणावर चुणी न पडता बसते, सरळ सुताची पट्टी बसत नाही. खांद्याला दीड सेंटिमीटर माया. पट्टी लागणाऱ्या कडांना माया ठेवू नये. खिसा अठरा सेंटिमीटर रुंद आणि वीस लांब, तोही मध्यभागी न लावता उजवीकडे, हात सहज पडेल तेथे. मधला खिसा ओट्याला घासतो आणि त्यात पाणी शिरते. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना लहान त्रिकोणी टीप द्यावी, कारण खिसा फाटतो तो तेथूनच.

दुपारी तीनच्या सुमारास एप्रन तयार झाला. पत्नीने तो घालून पाहिला आणि मानेवर काहीच ओझे नाही म्हणाली. बाईंनी कागदाची आणखी एक नक्कल मागितली. ती जुन्या वर्तमानपत्रावर काढून दिली तेव्हा प्रत्येक भागावर त्यांनी नावे लिहिली. लिपी कानडी, शब्द मराठी: गळा, मुंढा, खांदा, घडी, माया. उभ्या सुताचा बाण काढावयास त्या विसरल्या नाहीत. कागद घडी न करता गुंडाळून ठेवावा, घडीवर तो पुढे फाटतो, एवढे माझ्या पत्नीने सांगितले. पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच कागद खांद्याला दोन सेंटिमीटर आणि उंचीला तीस सेंटिमीटर कमी करून मुलीसाठी घेतला, आणि बाजू शिवून, मागचा भाग पूर्ण ठेवून, त्याचा पुन्हा झगा केला.