पेट्रोल पंपावरचा दुसरा हप्ता

आजचा भाग गाडीवर आहे, पण सनरूफ, अँबियंट लायटिंग, शून्य ते शंभर किती सेकंदात, यातलं काहीच आज नाही. आज फक्त पेट्रोल.

कारण असं, की गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. मूळचा कोल्हापूरचा, सध्या पुण्यात खराडीला राहतो आणि नोकरी हिंजवडीत. दहा वर्षं जुनी, पेट्रोल इंजिनची मोठी जर्मन सेडान त्याला चौदा लाखांत मिळतेय. चार लाख हातात आहेत, दहा लाखांचं कर्ज बँकेने मंजूर केलंय. तो म्हणतो, "दादा, हप्ता मला झेपतोय, बँकेनंच सांगितलंय. पण पप्पा एकच धरून बसलेत, पेट्रोलला कुठनं आणणार? या गाड्यांचं ॲव्हरेज खरंच एवढं वाईट असतंय काय?"

प्रश्न साधा वाटतो, आणि युट्यूबवर त्याचं उत्तर एका आकड्यात मिळतं. कुणी सांगतो आठ, कुणी सांगतो बारा. एक भाऊ तर सोळा सांगत होता. गंमत म्हणजे हे तिघंही खरं बोलत असू शकतात.

आधी त्या सोळाचं बघू. कंपनीच्या कागदावर जो आकडा असतो तो चाचणीतून येतो. आपल्या पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथे अशा चाचण्या होतात. गाडी रस्त्यावर जात नाही. रोलरवर चाकं फिरतात, साधारण वीस मिनिटांचा एक ठरलेला क्रम असतो, वेग नव्वदच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. सगळ्या गाड्यांना एकच पेपर, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. पण त्या पेपरात वाकडचा पूल नाही, मे महिना नाही, आणि मागून हॉर्न मारणारा टेम्पोही नाही.

आता खरी गंमत वजनाची. मोठी सेडान माणसांसकट पावणेदोन टनांच्या आसपास भरते. साधी हॅचबॅक माणसांसकट एक टनाच्या जरा वर. सिग्नल सुटला, तुम्ही शून्यावरून पन्नासवर गेलात. हे वजन त्या वेगाला आणायला जी ऊर्जा लागते ती शाळेतल्या गतिज ऊर्जेच्या सूत्राने काढता येते. मी काढली. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो असं धरलं, तर मोठ्या गाडीला एका उठावाला वीस-बावीस मिलिलिटर पेट्रोल लागतं. म्हणजे सव्वादोन रुपये. हॅचबॅकला तेरा-चौदा मिलिलिटर, दीड रुपयाच्या आतच. आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते सगळे पैसे गरम होऊन डिस्कमधून हवेत जातात. हायब्रिड गाडीत त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो, म्हणून टोयोटा कॅमरी किंवा लेक्ससची हायब्रिड सेडान शहरात एवढं पीत नाही. पण आपल्या या मित्राची गाडी साधी पेट्रोल आहे. खराडी ते हिंजवडी किती वेळा थांबायला लागतं ते तुम्हीच मोजा. मी पन्नासपर्यंत मोजून सोडून दिलं होतं.

त्यात उभं राहण्याचा खर्च वेगळा. दोन लिटरचं इंजिन, एसी चालू, गाडी जागेवर, तर तासाला पाऊण ते एक लिटर जातं. त्या वेळेत किलोमीटर शून्य. या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते, पण बरेच मालक गाडीत बसल्या बसल्या पहिल्यांदा तेच बटण बंद करतात.

हायवेला मात्र हीच गाडी शहाण्यासारखी वागते. सेडान बुटकी आणि निमुळती, हवेला कमी अडते. एकदा वेग धरला की वजनाचा फारसा त्रास नाही, वरच्या गिअरमध्ये इंजिन निवांत फिरतं. नव्वदच्या आसपास पाय स्थिर ठेवला तर तेरा-चौदा सहज. पण वेग वाढवलात की हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरवरून एकशेवीसवर गेलात तर रोध चव्वेचाळीस टक्के जास्त. एक्स्प्रेस वेवर मर्यादा शंभरची आहे आणि कॅमेरेही आहेत, त्यामुळे तिथे पेट्रोल आणि चलान असा दुहेरी आहेर मिळतो.

बरं, आता या मित्राचा महिना मांडू. खराडी ते हिंजवडी एका बाजूला पंचवीस किलोमीटर धरा, बावीस दिवस, झाले ११००. महिन्यातून एकदा कोल्हापूर, जाऊन-येऊन ४६०. इकडंतिकडं १४०. एकूण १७०० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये धरतो. शहरात साडेसात, हायवेला तेरा.

शहराचे १२४० किलोमीटर, १६५ लिटर. कोल्हापूरचे ३५ लिटर. दोनशे लिटर. २०,८०० रुपये, महिन्याला.

आणि हप्ता? दहा लाख, पाच वर्षं, तेरा टक्के व्याज धरलं, कारण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्यापेक्षा जास्त लागतं. हप्ता येतो २२,७५० च्या आसपास.

बघा, दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे त्याने एक हप्ता घेतलेला नाही, दोन घेतलेत. पहिल्यासाठी बँकेने सॅलरी स्लिप बघितली, सिबिल स्कोअर बघितला, सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. दुसऱ्यासाठी कुणीच काही विचारलेलं नाही. पंपावरचा पोरगा फक्त विचारतो, "साहेब, फुल?" पहिला हप्ता साठ महिन्यांनी संपतो. दुसरा गाडी विकेपर्यंत संपत नाही. बँक म्हणते झेपतं, ते पहिल्यापुरतं. पप्पा जे विचारतायत, ते दुसऱ्याबद्दल. पप्पांचा प्रश्न बँकेपेक्षा नेमका आहे, हे मला त्या पोराला सांगायचंय.

तोच महिना साध्या हॅचबॅकवर काढला, शहरात चौदा आणि हायवेला वीस धरून, तर ११,६०० होतात. फरक नऊ हजारांच्या वर. वर्षाला लाखभर.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो. किलोमीटर पर लिटर हा आकडा फसवा आहे. दहाची गाडी सोडून बाराची घेतली, आणि वीसची सोडून बावीसची घेतली, तर दोन्हीकडे दोनाचाच फरक वाटतो. पण हजार किलोमीटरला पहिल्या ठिकाणी सतरा लिटर वाचतात, दुसऱ्या ठिकाणी साडेचार. खालच्या बाजूला प्रत्येक किलोमीटरची किंमत मोठी असते. म्हणून साडेसातची गाडी नीट चालवून साडेआठवर आणली तरी या मित्राचे शहरातले वीस लिटर वाचतात, दोन हजार रुपये. जर्मन गाड्यांच्या डॅशबोर्डवर बऱ्याचदा शंभर किलोमीटरला किती लिटर असा आकडा येतो. लोक वैतागतात आणि सेटिंग बदलून घेतात. माझं मत विचाराल तर बदलू नका. तिथे १३ दिसलं की शंभर किलोमीटरला तेरा लिटर, गुणिले १०४. खिसा लगेच कळतो.

डिझेलचं काय, हे लगेच कमेंटमध्ये येणार. तीच सेडान डिझेलमध्ये शहरात साडेदहा, हायवेला सतरा देते असं धरा, डिझेल ९१ रुपये. महिना १३,२०० वर येतो. साडेसात हजार वाचले. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकला या डिझेल गाड्या कुरकुरतात. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून वीसेक मिनिटं सलग वेगात पळावी लागते. रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेलात तर तो तुंबतो, आणि त्याचं बिल वाचलेल्या डिझेलचे महिनेच्या महिने खाऊन टाकतं. त्याला महिन्यातून एकदा कोल्हापूर आहे, म्हणजे फिल्टरला थोडा श्वास मिळेल. पण एकदाच. आणि रीलवर स्वस्तात दिसणारी डिझेल सेडान दिल्ली पासिंगची असेल तर ती स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधन आलं होतं, म्हणून त्या बाहेर निघू लागल्या. इथे आणली की एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवं पासिंग, हे सगळं किमतीत मिळवा.

ई-२० बद्दलही विचारतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींना सहा ते सात टक्के फटका बसेल असा अंदाज होता. मी वर धरलेलं साडेसात हे आजच्या पेट्रोलवरचंच आहे, त्यामुळे पुन्हा वजा करू नका. पण विकणारा जर म्हणाला की २०१८ मध्ये ही गाडी नऊ द्यायची, तर ते वेगळं पेट्रोल होतं. दहा वर्षं जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील यांचंही बघावं लागतं, ते मेकॅनिकला आधीच दाखवा.

आणि हो, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. लिटरला १६० च्या घरात. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, ती इंजिनात इंधन अवेळी न पेटण्याची क्षमता. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीने किमान किती ऑक्टेन हवं ते लिहिलेलं असतं. तेवढं पुरे. त्याच्या वरचं टाकून ॲव्हरेज वाढेल आणि खर्च भरून निघेल, असं गणित बसत नाही.

आता मित्रा, तुझ्यासाठी. तुझ्या कंपनीची बस खराडीहून सुटते, असं तू व्हॉइस नोटच्या शेवटी ओझरतं म्हणालास. माझ्या मते सगळं उत्तर तिथे आहे. ऑफिसला बसने गेलास तर गाडीचे फक्त सहाशे किलोमीटर उरतात, त्यातले बरेचसे हायवेचे. चोपन्न लिटर, ५,६०० रुपये. तीच गाडी, तेच ॲव्हरेज, आणि हॅचबॅकपेक्षा फरक जेमतेम सव्वादोन हजारांचा. ही गाडी कोल्हापूरला जायला बनलीय, हिंजवडीला नाही. पण रोज घेऊन जायची असेल, पार्किंगमध्ये दिसायला हवी असेल, तर मग वीस हजारांचा हप्ता आहे आणि त्याला चूक म्हणणारा मी कोण. शौकाला मोल असतं, फक्त ते किती हे आधी माहीत असावं.

घ्यायच्या आधी तीन महिने एक काम कर. पगार झाला की ४३,५०० रुपये, दोन्ही हप्ते, दुसऱ्या खात्यात टाक आणि हात लावू नकोस. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी घरभाडं, घरी पाठवायचे पैसे आणि एखादं लग्न, सगळं निभावून ते खातं शाबूत असेल, तर पप्पांना ते पासबुक दाखव. इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग मी यात धरलेलं नाही, त्याच्यावर अख्खा भाग होईल.

आणि गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेताना डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज बघू नकोस, विकणारा ते हायवेवर फिरवून आणतो. ट्रिप रीसेट कर, आणि संध्याकाळी सहाला वाकडकडे घेऊन जा.

भेटू पुढच्या रविवारी, सर्व्हिसिंगच्या भागात. तोवर तुमचे खरे आकडे पाठवा, टाकी फुल ते टाकी फुल मोजलेले.