नग, तुकडा आणि माणूस



जर्मन शिकू लागणाऱ्याला प्रथम भीती घातली जाते ती तिच्या तीन लिंगांची आणि चार विभक्तींची. मराठी माणसाने तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. तीन लिंगे आपल्या घरचीच आहेत आणि विभक्ती तर आपले व्याकरण आठ सांगते. खरी अडचण बाजारात येते. जिन्नस मोजून मागायचा कसा? ही अडचण सोडविणाऱ्या एका साध्या नामाविषयी मी आज बोलणार आहे. ते नाम म्हणजे ‘श्ट्यूक’.

कोश उघडला तर ‘श्ट्यूक’ म्हणजे तुकडा, असा अर्थ सापडेल. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. अंडी घेताना जर्मन गिऱ्हाईक ‘त्सेन श्ट्यूक’ म्हणते, तेव्हा त्याला दहा तुकडे नको असतात, दहा अख्खी अंडी हवी असतात. आपला व्यापारी वहीत ‘नग १०’ लिहितो, तोच हा नग.

आता गंमत पाहा. या नामाचे अनेकवचन ‘श्ट्यूके’ असे होते. मग दहा म्हटल्यावर ‘श्ट्यूके’ का नाही? पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नाम माप म्हणून संख्येनंतर आले, की जर्मनमध्ये ते सहसा एकवचनातच राहते. ‘त्स्वाय ग्लास बीर’ म्हणजे दोन ग्लास बिअर. परंतु मेजावरचे दोन रिकामे ग्लास दाखवायचे झाले, तर ‘त्स्वाय ग्लेझर’. पहिल्यात ग्लास हे माप आहे, दुसऱ्यात ती वस्तू आहे. तसेच, केक सुरीने कापून त्याचे तुकडे केले, तर ते ‘श्ट्यूके’ झाले. एकारान्त स्त्रीलिंगी नामांना मात्र ही सवलत नाही. ‘तासे’ म्हणजे कप. दोन कप कॉफी मागायची तर ‘त्स्वाय तासन काफे’ असेच म्हटले पाहिजे.

आणखी एक सोय आहे. आपण ‘दोन शेर दूध’, ‘चार पोती ज्वारी’ म्हणतो. मध्ये ‘चा-ची-चे’ घालत नाही. जर्मनही घालत नाही. ‘आइन श्ट्यूक ब्रोट’, पावाचा एक तुकडा. दोन नामे शेजारी ठेवली की काम झाले. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणारा येथे उगाच अडखळतो. त्याने मराठीच्या वाटेने जावे.

हा शब्द जर्मन जीवनात खोल मुरला आहे. न्याहारीला जर्मनमध्ये ‘फ्र्यूश्ट्यूक’ म्हणतात, म्हणजे सकाळचा तुकडा, अर्थात पावाचा. रंगभूमीवरचे नाटक हेही ‘श्ट्यूक’च. नगावर मिळणारी मजुरी म्हणजे ‘श्ट्यूकलोन’; मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात तिचे स्वतंत्र विवेचन आहे.

गोठ्यातली गुरेही ‘श्ट्यूक’मध्ये मोजतात. माणसांना मात्र वेगळा शब्द आहे. जहाजावरचे पाच जण ‘फ्युन्फ मान’ होतात. ‘मान’ म्हणजे पुरुष. मोजताना तोही एकवचनातच राहतो. व्याकरण तेच, पण माणूस माणूसच राहतो.

ही मर्यादा एकदा ओलांडली गेली. प्रीमो लेव्ही हा तुरीनचा ज्यू रसायनशास्त्रज्ञ. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला इटलीतील फोसोली येथील छावणीतून आउशवित्सला नेण्यात आले. निघण्यापूर्वी शिरगणती झाली. अधिकाऱ्याने किती ‘श्ट्यूक’ असे विचारले आणि ६५० ‘श्ट्यूक’ असा आकडा त्याला सादर झाला. लेव्हीने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हे नोंदले आहे. त्या पुस्तकाचे नावच ‘हा जर माणूस असेल’ अशा अर्थाचे आहे.

त्या उत्तरात व्याकरणाची एकही चूक नव्हती. संख्येनंतर एकवचन हवे, ते होते. माणसे मोजायला मालाचे नाम निवडले, एवढेच घडले होते. आणि पुढे जे झाले त्याची तयारी त्या एका नामात होती.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगेन, एकवचन-अनेकवचनाचा नियम आठ दिवसांत अंगवळणी पडेल. परंतु संख्येनंतरचा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण काय मोजतो आहोत, हे क्षणभर पाहावे. अंड्यांना नग आहे, भाकरीला तुकडा आहे, माणसांसाठी आपल्या मराठीने ‘जण’ हा वेगळा शब्द राखून ठेवला आहे. आपणही घाईत ‘डोकी’ मोजतोच. तेवढ्या घाईत ‘जण’ हा शब्द आपण गमावू नये.