पांढऱ्या चेंडूचा मुक्काम
(नभोवाणी-भाषण)

कॅरम आपणांपैकी बहुतेकांनी खेळलेला आहे. त्या खेळात एक मोठी सवलत असते, ती आपल्या ध्यानीही येत नाही. सोंगटी घेतल्यावर स्ट्रायकर कोठेही जाऊन पडो, पुढच्या फटक्यासाठी तो उचलून पुन्हा आपल्या रेषेवर ठेवता येतो. बिलियर्डस्, स्नूकर, पूल या खेळांत ही दया नाही. पांढरा चेंडू जेथे थांबला तेथूनच पुढचा फटका मारावयाचा. म्हणून या टेबलावर रंगीत चेंडू पॉकेटात घालणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे पांढऱ्याचा मुक्काम ठरविण्याचे.

हा खेळ आपल्या भागाला परका नाही. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने स्नूकरची मांडणी प्रथम केली, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्डस्चे हौशी जगज्जेते झाले. इंदुरात तर यशवंत क्लबमुळे क्यूच्या खेळांना जुना आश्रय लाभला.

आता मुख्य मुद्दा. ज्या चेंडूवर आपणांस पुढे मारावयाचे आहे, त्याच्या मागे उघडलेल्या पंख्यासारखी एक जागा कल्पावी. पंख्याचे टोक चेंडूपाशी, पसारा दूरवर. या पंख्यात पांढरा कोठेही थांबला तरी फटका शक्य असतो. चेंडूच्या अगदी जवळ पंखा चार बोटे रुंद. तीन फुटांवर तो चांगला ऐसपैस. नवशिका जवळ जाण्याचा हव्यास धरतो, कारण जवळून मारणे सोपे दिसते. पण तेथे पोचताना वेग किंचित चुकला की तो पंख्याबाहेर. लांबून मारणे थोडे कठीण खरे, परंतु मारावयास काही तरी शिल्लक राहते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पांढरा या पंख्यात आडवा शिरतो की त्याच्या लांबीला धरून? लांबीने येत असेल तर वेग कमी-अधिक झाल्याने केवळ अंतर बदलते, कोन टिकतो. आडवा येत असेल तर तो क्षणभर योग्य जागी असतो आणि लगेच तिच्यापलीकडे जातो. दोन मार्ग उपलब्ध असतील तर लांबीचाच घ्यावा, मग तो पाहणाऱ्यांस कितीही निरस वाटो. मात्र पांढरा अगदी सरळ रेषेत आणणेही बरे नव्हे. थोडा कोन नसेल तर पुढे त्याला बाजूस वळविता येत नाही.

अमेरिकेतील स्ट्रेट पूलमध्ये हे शास्त्र फार स्पष्ट दिसते. पंधरा चेंडू, कोणत्याही क्रमाने, प्रत्येकी एक गुण. चौदा संपले की ते पुन्हा त्रिकोणात रचावयाचे आणि उरलेला पंधरावा पॉकेटात घालता घालता पांढऱ्याने तो त्रिकोण फोडावयाचा. त्यामुळे जाणता खेळाडू पंधरावा कोणता ठेवावा हे आधीच हेरतो; आणि चौदावा असा निवडतो की त्यावरून पांढरा हातभर सरकला तरी पुरे. विली मॉस्कोनी याने १९५४ मध्ये या खेळात सलग ५२६ चेंडू घातले. साठांहून अधिक वर्षे तो आकडा कोणी ओलांडला नाही.

हे सारे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. येथील एका क्लबाच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याच्या शेवटच्या डावात मी दहा गुणांनी मागे होतो. टेबलावर गुलाबी आणि काळा. सहा अन् सात, तेरा. गुलाबी मधल्या पॉकेटाच्या तोंडाशी होता. हलक्या हाताने मारला असता तर पांढरा कडेकडेने सरकून काळ्यापासून साडेतीन-चार फुटांवर थांबला असता. मला मात्र काळा फूटभरावरून हवा होता. मी जोराने मारले. गुलाबी गेला. टाळ्याही पडल्या. पांढरा दोन कुशनांवर आपटून काळ्याशेजारी आला, थांबेल असे वाटले, आणि वीतभर पुढे जाऊन काळ्याच्या मागे, कुशनला चिकटून बसला. तेथून कोणतेच पॉकेट दिसत नव्हते. पुढे काय झाले हे सांगावयास नको. प्रतिस्पर्ध्याने काळा घातला आणि चषक नेला.

क्लबाचा वृद्ध मार्कर फळ्यावरचे गुण पुशीत होता. चाळीस वर्षे त्याने सभासदांचे खेळ मोजले होते. त्या स्पर्धेत नाव घालण्याची मुभा त्याला नव्हती. मी क्यू कपाटात ठेवीत असता त्याने हळूच विचारले, "साहेब, काळा कोठे पळून जाणार होता?"

दुसऱ्या दिवशी, क्लब उघडण्याच्या तासभर आधी, मी त्याच्याकडे शिकावयास गेलो. पहिले आठ दिवस त्याने मला पॉकेटात एकही चेंडू घालू दिला नाही. टेबलावर एक कागद ठेवी आणि म्हणे, पांढरा यावर थांबवा.