वडगावचा तह आणि युद्धाचा हुकूम

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या ठाण्यांचा कारभार प्रेसिडेंट आणि त्याचे कौन्सिल पाहत असे. इलाख्यांना ‘प्रेसिडेन्सी’ हे नाव त्यावरूनच पडले. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टाने मुंबई-मद्रासच्या प्रेसिडेंटांचे हात बांधले. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची आणि त्याच्या कौन्सिलची आगाऊ संमती असल्याशिवाय त्यांना हिंदुस्थानातील सत्तांशी युद्ध सुरू करता येईना, तहही करता येईना. अपवाद दोनच: लंडनच्या संचालकांचा खास हुकूम, किंवा कलकत्त्याच्या उत्तराची वाट पाहणे धोक्याचे ठरेल अशी निकड. ही निकड आहे की नाही, हे प्रथम ठरवणार मात्र ज्याला लढायचे आहे तोच. कायद्यातली खरी फट ही होती.

विल्यम हॉर्नबीच्या मुंबई सरकारने मार्च १७७५ मध्ये सुरतेला, पेशवेपद मिळवू पाहणाऱ्या रघुनाथरावाशी तह केला आणि साष्टी-वसईच्या मोबदल्यात त्याला फौज देऊ केली. कलकत्त्याला विचारले नव्हते. कलकत्त्याने या युद्धाचा निषेध केला, कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुण्याच्या कारभाऱ्यांशी, सुरतेचा तह रद्द करणारा पुरंदरचा तह झाला. तरी मुंबईने रघुनाथरावाला सोडले नाही. संचालकांनीही सुरतेचाच तह पसंत केल्याने तिला बळ मिळाले.

१७७८ पर्यंत कलकत्त्याचा कलही बदलला आणि मुंबईच्या मदतीला बंगालची फौज निघाली. ती पोचण्याची वाट न पाहता नोव्हेंबरात मुंबईचे सुमारे ३,९०० सैनिक आणि १९ हजार बैलांचा तांडा बोरघाटाकडे निघाला. सेनापतीच्या डोक्यावर समिती बसवलेली होती, त्यामुळे चाल अतिशय संथ झाली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मावळातला ‘इष्टुर फाकडा’, तोफेच्या गोळ्याने पडला. ९ तारखेला फौज तळेगावी पोचली, तेव्हा मराठ्यांनी ते गाव आधीच जाळून ठेवले होते. ११ च्या रात्री इंग्रज माघारी फिरले आणि वडगावला वेढले गेले.

बोलणी करताना इंग्रजांचा वकील फार्मर याने सांगितले, की कलकत्त्याच्या मंजुरीवाचून तह करण्याचा अधिकार समितीला नाही. मग अप्टनने केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे मराठ्यांनी विचारले. १७७३ च्या कायद्यावर याहून नेमके भाष्य तेव्हा कोणी केले नसावे. लढताना बाजूला ठेवलेली मर्यादा हरल्यावर ढाल म्हणून पुढे केली जात होती. १६ जानेवारीला साष्टी परत देण्याचे कबूल करून तह झाला, पण मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो नाकारला. समितीतला कारनॅक आणि मोहिमेचे सेनापती एगर्टन व कॉकबर्न यांना नोकरीतून काढले गेले. मोहीम धाडणारा हॉर्नबी पदावर राहिला. हे युद्ध १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने संपले आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

युद्धाचा हुकूम कोणी द्यायचा, हा प्रश्न आजही आहे. याच मावळात, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राला, १३ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी राष्ट्रपतींचे निशाण प्रदान केले. संविधानाच्या अनुच्छेद ५३ ने संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे, पण त्याचा वापर कायद्याने नियमित होतो आणि अनुच्छेद ७४ प्रमाणे तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करावा लागतो. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अध्यक्षाला सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवावे लागते आणि मंजुरी नसेल तर साधारण ६० दिवसांत ते मागे घ्यावे लागते. भारतात हल्ल्यापूर्वी संसदेची संमती घेण्याची अट संविधानात नाही. युद्धामुळे आणीबाणी जाहीर केली, तर ती घोषणा मात्र महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी मंजूर करावी लागते.