पिंपातली बिअर आणि खोलीतली ऊब



विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. तेव्हा ते कसे करावे हे सांगावयास आम्ही येथे उभे नाही. अमेरिकेत मात्र १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली. एका प्रौढाच्या घरास वर्षाला १०० गॅलन, दोघे वा अधिक असल्यास २००, अशी मर्यादा. तिकडच्या हौशी मंडळींनी शीतपेयांच्या कारखान्यांतून निघालेली १९ लिटरची पोलादी पिंपे स्वस्तात घेतली. अडचण एवढीच की, फ्रिजमध्ये पिंप मावते एक आणि भरलेली असतात दोन! मग दुसरे पिंप महिनाभर खोलीत राहिले तर नासेल काय?

आमचे उत्तर असे, की पिंपात हवा शिरलेली नसेल तर नासत नाही. एकदा गार केलेली बिअर पुन्हा कोमट झाली की तिला दुर्गंधी सुटते, हा समज तर निव्वळ भ्रम होय. ती दुर्गंधी उजेडामुळे येते. हॉपच्या फुलांतील कडू द्रव्यावर ऊन पडले की ती उपजते. पोलादाच्या पोटात कसले आले ऊन?

खरा शत्रू प्राणवायू. आपल्या घरची गृहिणी लोणच्यावर तेलाचा थर राखते तो याच वैऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी. बिअरमध्ये तो शिरला की कालांतराने ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि उष्णता ते काम झपाट्याने करवून घेते. म्हणून जाणकार मनुष्य पिंप आधी जंतुनाशक पाण्याने काठोकाठ भरतो, ते पाणी कर्बवायूच्या दाबाने बाहेर लोटतो आणि मग नळीने तळापासून बिअर सोडतो. झाकणाची रबरी कडी नीट बसावी म्हणून वर पुन्हा वायूचा दाब द्यावा लागतो. येथे आळस केला तर फ्रिजसुद्धा बिअरला फार काळ तारणार नाही. स्वच्छतेबद्दल अधिक काय सांगावे? पाश्चरने १८७६ साली बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला तो जंतूंपायीच.

काही वेळा तर ऊब हीच गरज असते. पिंपात मोजकी साखर घालून ते मिटले, तर उरलेले किण्व ती खाऊन स्वतःच वायू निर्माण करते. आत चुकार राहिलेला थोडा प्राणवायूही तेच गिळते. यास २० अंश सेल्सिअसच्या आसपास दोनेक आठवडे लागतात. थंडीत किण्व झोपी जाते. मात्र मूळचे आंबणे पुरे होण्याआधी पिंप मिटू नये, दाब भलताच चढेल.

ऊन द्रवात वायू कमी मुरतो, हे सोड्याची बाटली उघडणाऱ्यास ठाऊकच आहे. आकारमानाच्या अडीचपट वायू मुरवावयास ४ अंशांवर चौरस इंचास सुमारे १२ पौंड दाब पुरतो. २० अंशांवर तो २८ च्या घरात न्यावा लागतो.

फ्रिजमधली एकच जागा कोणास द्यावी? आमचा कौल हॉपच्या सुगंधाच्या फिकट बिअरला, कारण तो सुगंध उबेत लवकर विरतो. काळी, कडक बिअर खुशाल थांबेल. तिची चव पुष्कळदा त्याने गोलावतेच. पण खोली म्हणजे खोली. अॅरिझोनातले उन्हाळ्याचे गॅरेज म्हणजे भट्टी!

पाळी आली की पिंप दोन दिवस फ्रिजमध्ये हलवल्यावाचून ठेवावे. गाळ तळाशी बसतो. पहिला पेला गढूळ येतो, तो मोरीत ओतावा.