माळेगावची यात्रा : अनेक गावांचा एक देव

नेपाळमध्ये नेवार लोकांचा रातो मच्छिंद्रनाथ वर्षातला काही काळ पाटणला, तर काही काळ बुंगमतीला राहतो. त्याचा उंच रथ ओढायला गावंच्या गावं एकत्र येतात. असाच गावोगावचा सामायिक उत्सव आपल्याकडेही आहे : नांदेड-लातूर मार्गावरच्या माळेगावची खंडोबा यात्रा.

लोहा तालुक्यातली ही यात्रा मार्गशीर्ष वद्य पक्षात भरते. देवस्वारी निघाली की ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो आणि बेलभंडाऱ्याची उधळण सुरू होते. इथे रथ नाही, पालखी आहे. पण तिचा मान एका गावाचा नाही. रिसनगाव, कुरुळा, शिराढोण, पानभोसी अशा आसपासच्या गावांचे मानकरी या सोहळ्यात मानाने सहभागी होतात.

देवदर्शनासोबत इथे घोडे, गाढवं आणि उंटांचा मोठा बाजार भरतो. पशुप्रदर्शनात कंधार भागातली तांबडी, कष्टाळू लाल कंधारी जनावरं दिसतात. लातूरकडची देवणी ही गायबैलांची जात दुधालाही चांगली आणि शेतकामालाही. तिचे तीन प्रकार : वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा. जोडीला कुस्त्यांची दंगल, वाघ्या-मुरळी आणि लावणी महोत्सव असतोच.

ट्रॅक्टरच्या काळात या देशी जातींना जपणारा शेतकरी इथे मानाने उभा राहतो. म्हणून श्रोतेहो, यंदा माळेगावला जाल तेव्हा खंडोबाचं दर्शन घ्याच, आणि पशुप्रदर्शनात जाऊन त्या शेतकऱ्याच्या पाठीवर शाबासकीची थापही द्या.